शाहेनच्या नावाचा पेला

झुराबने हात मागे घेतला. फार नाही, बोटभर. भावाबहिणींच्या नावाचा पेला चालला होता. मागच्या अंगणातल्या लांब टेबलाच्या टोकाशी उभा राहून झुराब एकेकाच्या भावाचं, बहिणीचं नाव घेत होता. गार्निकची पाळी आली तसा झुराब आपल्या भरदार आवाजात म्हणाला, "आणि आमच्या गार्निकचा शाहेन! तिबिलिसीत ठाण मांडून बसलेला तो हट्टी म्हातारा! त्याच्या नावाने!" गार्निक शेगडीपाशी होता, झुराब पेला घेऊन तिथवर गेला. त्याने उभ्या उभ्याच पेला पुढे केला, त्यात डॉक्टरांच्या कृपेने डाळिंबाचा रस होता. पेल्याला पेला लागायच्या आत झुराबचा हात मागे सरला. तेवढ्यात जावई वाहे मध्ये घुसला आणि त्याने आपला पेला गार्निकच्या पेल्यावर असा आपटला की रस मनगटावरून ओघळून थेट बाहीत गेला. "शाहेनकाकांना!" वाहे ओरडला. मग सगळेच ओरडले. जरा जास्तच ओरडले. गार्निकने बाही झटकली, रसाचा घोट घेतला आणि तो सळया फिरवायला वळला. मनगटावरचा रस मात्र चिकटच राहिला.

मेलेल्या माणसाच्या नावाने पेला उचलतात, पण भिडवत नाहीत. ही गोष्ट कुणी कुणाला शिकवत नाही. लहानपणी टेबलाखालून रांगताना मोठ्यांचे पेले वाजले की नाही हे ऐकून पोरांना कळतं की आता जिवंतांची गोष्ट चाललीय की गेलेल्यांची. आणि झुराब म्हणजे कुणी कालचा पोरगा नव्हता. कुतैसीत त्याचा बाप तामादा होता, मेजवानीत एकेकाच्या नावाने पेले उचलायला लावणारा, आजाही तामादा होता. इथे अमेरिकेत, ग्लेंडेलमध्ये, लग्न असो, बारसं असो, कुणाच्या पोराने वकिलीची परीक्षा पास केलेली असो, टेबलाच्या टोकाला झुराबच हवा. कुणाच्या नावानंतर कुणाचं नाव, कुठे थांबायचं, कुठे हसवायचं, हे सगळं त्याच्या अंगात भिनलेलं. अशा माणसाचा हात उगाच मागे जाईल? खांदा दुखत असेल, गार्निकने स्वतःला सांगितलं. परवा म्हणत होता खरा. पण डावा म्हणाला होता की उजवा? पेला तर उजव्या हातात होता. सळईवरच्या फासळीची चरबी वितळून निखाऱ्यावर पडली, जाळ उठला, गार्निकने बाटलीतलं पाणी शिंपडून तो दाबला. मनात चुकचुकलेली पाल काही गप्प बसेना.

आणखी एक. झुराबने 'उदंड आयुष्य' म्हटलं नाही. पाहुण्यांतल्या मेलिकच्या बहिणीला म्हटलं, आइदा मावशीच्या त्या कायम आजारी भावाला तर दोनदा म्हटलं. शाहेनच्या बाबतीत नुसतं 'त्याच्या नावाने'. आणि मुळात शाहेनचं नाव काढायचं कारणच काय? आई गेल्यापासून या घरात ते नाव कुणी घेत नव्हतं. भावाबहिणींचा पेला आला की झुराब गार्निकपाशी येऊन जरासा खाकरायचा आणि "बाकीच्यांना सगळ्यांना!" म्हणून पुढे सरकायचा. मित्राचा अबोला मित्राने सांभाळला होता. मग आजच त्याला शाहेनचा उमाळा कुठून आला? आणि वाहे! हा बैरुतचा जावई, शाहेनला आयुष्यात भेटलेला नाही, फोटोत दाखवला तर ओळखणार नाही, आणि एकदम 'शाहेनकाका'! कुठेतरी पाणी मुरत होतं.

गार्निकने टेबलाकडे पाठ केली. शेगडीशी उभं राहिलं की हा एक फायदा असतो. माणूस पाठमोरा उभा राहून काहीही विचार करू शकतो, लोकांना वाटतं तो निखारे बघतोय. द्राक्षवेलीच्या काटक्या मेलिकने फ्रेस्नोहून आणल्या होत्या, गाडीच्या टपावर बांधून. त्या भराभरा जळून आता त्यांचे लालबुंद निखारे झाले होते. आधी वांगी, टोमॅटो, मिरच्या जाळावर धरून काळ्या करून झाल्या होत्या. त्या सोलायला आत बायकांकडे गेल्या होत्या. मग डुकराच्या मानेचं मांस, आता कोकराच्या फासळ्या. वाऱ्याने राख अंगावर येत होती. टेकड्यांकडून येणारा तो कोरडा गरम वारा, अंगावरचा घाम फुटायच्या आत वाळवणारा. या वाऱ्यात शेगडी पेटवू नये असं नगरपालिका सांगते, आणि या गल्लीत ते कुणी ऐकत नाही.

खरं तर आज शेगडी पेटली हेच नवल होतं. हॉस्पिटलातून घरी आल्यापासून बायकोने, सेदाने, त्याच्या हातून मीठ काढून घेतलं होतं, चीज काढून घेतलं होतं, जिन्याची वरची पायरीसुद्धा काढून घेतली होती म्हणा ना. पलंग खाली बैठकीच्या खोलीत आणला होता. अशी बाई गेल्या आठवड्यात आपण होऊन म्हणाली, "रविवारी थोडे लोक बोलावू. तू शेगडीवर खोरोवात्स भाज. किती दिवस झाले." गार्निक उडालाच. मग मनात आलं, म्हणजे आपलं काही खरं नाही. डॉक्टरने तिला बाजूला घेऊन सांगितलं असणार, काय हवं ते खाऊ घाला. बरं होणाऱ्या माणसाला असं कुणी म्हणत नाही. तेव्हापासून तो सेदाकडे चोरून बघत होता. ती रोज सकाळी चर्चमध्ये जायला लागली होती. विचारलं तर म्हणायची, तुझ्या हृदयासाठी मेणबत्ती लावते. त्याच्या हृदयाला रोज एक मेणबत्ती? आज तिने तो गडद निळा झगा घातला होता. या उन्हात! ओठांना काही लावलेलं नव्हतं. पन्नाशी उलटली, साठी उलटली, पण पाहुण्यांसमोर ओठ रंगवल्याशिवाय सेदा कधी आली नव्हती. हॉस्पिटलातसुद्धा ती ओठ रंगवून यायची, नळ्या लावून पडलेल्या नवऱ्याला भेटायला. मग सेदाने शोक कुणाचा धरला होता? त्याचाच, आगाऊ? असा विचार त्याने दोन रात्री केला होता आणि त्याला सेदाची दयाच आली होती. आता त्या दयेला तडा गेला. कारण या मरणाऱ्या गार्निकच्या नावाचा पेला सगळ्यांनी मघाशी कडकडून भिडवला होता. हात मागे गेला तो शाहेनच्या नावाला.

"पापा, जळतंय!" वाहे शेजारी येऊन उभा राहिला होता.

"जळत नाहीये. चरबी बोलतेय. गॅसवर मांस भाजणाऱ्यांना हा आवाज माहीत नसतो."

"झालं सुरू," वाहे हसला. "तुम्ही बसा ना जरा. मी बघतो."

"तू? तू फासळीला लसूण लावशील. दालचिनी लावशील. बैरुतची अत्तरं लावशील."

"नाही लावत. नुसतं फिरवतो."

गार्निकने त्याच्याकडे नीट पाहिलं. पोरगा वाईट नव्हता. पण तो डोळ्याला डोळा देत नव्हता. "वाहे," गार्निक म्हणाला, "माझ्या जुन्या फोनचं काय केलंस?"

"जुना? तो... तो पार गेलेला होता पापा. नवा दिलाय ना तुम्हाला."

"नव्यात सगळे नंबर नाहीत."

"सगळे नाही येत कधी कधी. कुणाचा हवाय? मी शोधून देतो."

कुणाचा हवाय. हाच तर प्रश्न होता आणि याच प्रश्नाला तो हॉस्पिटलातून आल्यापासून टाळत होता. शाहेनचा नंबर हवाय असं म्हणायचं म्हणजे सगळ्या घराला सांगायचं की गार्निक नमला. मुलगी आर्पी आईला सांगणार, सेदा लवाशच्या, त्या पातळ पावाच्या, दुकानात सांगणार, आणि संध्याकाळपर्यंत पुऱ्या ग्लेंडेलला कळणार. पण त्याने ठरवलं होतं. छातीत कळ आली त्या दिवशी, रुग्णवाहिकेच्या छताकडे बघत असताना, त्याला ना बायको आठवली ना मुलगी. त्याला तिबिलिसीतल्या आवलाबारचं अंगण आठवलं होतं, लाकडी गॅलऱ्या, मध्ये नळ, आणि नळापाशी विटांच्या दोन ओळी मांडून शेगडी करणारा शाहेन. लुकडा, गुडघे खरचटलेला, धाकट्याला दम देणारा. "हलवू नकोस! मांस काय पाळणा आहे का, सारखं हलवायला!" बाप गेल्यावर शाहेननेच त्याला सळई धरायला शिकवलं. तेव्हाच गार्निकने ठरवलं होतं की वाचलो तर फोन करायचा. आणि वाचल्यावर त्याने त्यात एक पाचर मारली होती: आधी त्याचा येतो का ते बघू. मी मरणाच्या दारातून आलोय, त्याला कळलं नसेल? त्याच्या बायकोला, लामाराला, कळलं नसेल? कळलं असेल तर फोन का नाही? फोन त्यानेच केला पाहिजे. मोठा तो आहे. मी दोन आठवडे वाट बघेन, मग करेन. दोनाचे किती झाले, त्याने मोजलं नव्हतं.

"कुणाचा नाही," तो वाहेला म्हणाला. "झुराबला जरा इकडे पाठव."

झुराब आला तो तोंड पुसत, हातात पेला घेऊन. पोट पुढे, मिशा पांढऱ्या. वरकरणी सगळं नेहमीसारखं. "काय गार्निक जान, पहिली सळई मला देतोयस ना? तुझ्या बायकोच्या चीज भरलेल्या खाचापुरीने माझं अर्धं पोट भरलं, आता भांडणाला जागा ठेवायचीय. सांग बरं, कांद्यात का मुरवलंस? फासळीला मीठ पुरे. नुसतं मीठ!"

"शाहेनसारखं बोलतोस," गार्निक म्हणाला.

झुराबने पेल्यात पाहिलं.

"तोही हेच म्हणायचा. नुसतं मीठ, तेही भाजून होत आल्यावर." गार्निकने एक सळई उचलून त्याच्यासमोर धरली, पण हातात दिली नाही. "झुराब, मघाचा पेला अर्धवट राहिला. माझ्या भावाला आयुष्य मागायचं राहिलं तुझं. आत्ता माग. इथेच. दोघांतच."

"अरे, एकदा झालेला पेला परत..."

"का? तामादा विसरला तर परत घेतो. तूच सांगायचास."

"तामादाला कुणी शिकवू नये गार्निक," झुराब म्हणाला. आवाज पडलेला. "पुढचा पेला आईबापांचा आहे. मी जातो. लोक थांबलेत." आणि तो निघालाच, सळई न घेता. झुराब पहिली सळई सोडून गेला! गार्निक तिथेच उभा राहिला. हाताला चटका बसला तेव्हा त्याला कळलं की सळईचं तापलेलं टोक आपण मुठीत धरलंय.

तरी मन मानायला तयार नव्हतं. मन मोठं चलाख असतं, दुसरी वाट काढून देतं. शाहेन आजारी असेल. अर्धांगाचा झटका आला असेल, म्हणून हे सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेत. मुळात शाहेनला काय होणार? त्याला कधी सर्दीसुद्धा झाली नाही. तिबिलिसीतून लोक सगळे निघाले, वीज नाही, पाव नाही, रस्त्यावर बंदुका, तेव्हा गार्निकने सेदाला आणि कडेवरच्या आर्पीला घेऊन विमान पकडलं. शाहेन विमानतळावर आला होता तो खिशात अक्रोड घेऊन. म्हणाला, "जा तू. आईला कुणीतरी हवं." तेवढंच. टोमणा नव्हता, पण गार्निकने तो टोमणा म्हणून जन्मभर बाळगला. आणि मग आई गेली. गार्निकला जाता आलं नाही, कागद नव्हते, निदान तो तसं सांगायचा. मातीनंतरचं जेवण त्याने फोनवर पाहिलं, लामाराने फोन धरला होता, चित्र हलत होतं. टेबलावर खाशलामा नव्हता. मेलेल्याच्या जेवणाला उकडलेलं मांस असतं, पाणी, मीठ, हाडं, वर चिमूटभर कोथिंबीर. मेलेल्याच्या नावाने जाळावर मांस भाजत नाहीत, घरादाराला हसू आणणारा वास काढत नाहीत. आणि तिथे अंगणात धूर निघत होता, सळया फिरत होत्या. "वेडा झालास का?" गार्निक फोनवर ओरडला होता. "आईच्या मातीवर मेजवानी करतोस? लाज वाटत नाही?" शाहेनचा चेहरा फोनजवळ आला, मोठा, न दाढी केलेला. "तिने मागितलं होतं," तो म्हणाला. "शेवटच्या दिवशी म्हणाली, भाजलेलं खावंसं वाटतंय. तेव्हा देता आलं नाही. आता करतोय. तू इथे नव्हतास गार्निक. तू नव्हतास." आणि गार्निकने फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही. त्या क्षणी त्याला खाशलामाचा राग नव्हता. पण तो राग धरायला सोपा होता.

फासळ्यांची पहिली खेप झाली. त्याने लवाशच्या तुकड्यात धरून एकेक सळईवरून मांस ओढून काढलं आणि मोठं ताट शोधायला घरात गेला. खरं तर ताट शेगडीजवळ होतं, तो बघितलं न बघितलंसं करून गेला. स्वयंपाकघराच्या दारातच त्याला तो वास आला. अंगणातल्या धुराने नाक भरलेलं, तरी आला. त्याच्या लहानपणी ज्या घरात कुणी गेलं त्या घराच्या जिन्यावर हा वास खाली यायचा. चुलीवर मोठं पातेलं होतं. त्याने झाकण उचललं. गुरगुरणारं पाणी, हाडं, मांसाचे मोठे निवांत तुकडे, वर कोथिंबीर.

"पापा, तिकडे काय?" आर्पी वांग्याची सालं हातात घेऊन वळली.

"हे काय आहे?"

"ते... दात नाहीत त्यांच्यासाठी. खाशलामा."

"दात कुणाला नाहीत?"

"आइदा मावशीला."

"आइदाने मघाशी माझ्यासमोर मानेच्या मांसाचे लचके तोडलेत."

आर्पीने आईकडे पाहिलं. सेदा कोपऱ्यात पाव कापत होती. तिने सुरी खाली ठेवली. गार्निक दोघींकडे बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांपुढे मघापासूनची माणसं आली: आत गेलेली आणि बराच वेळ बाहेर न आलेली माणसं, एकेक करून 'हात धुऊन येतो' म्हणत घरात जाणारी, परत येताना तोंड पुसणारी. कुणी हात धुवायला एवढा वेळ घेत नाही. बाहेर ते भाजलेलं खात होते त्याच्यासाठी, आत खाशलामा खात होते शाहेनसाठी.

"आर्पी, बाहेर जा," सेदा म्हणाली.

"आई, पण डॉक्टर..."

"जा म्हटलं ना."

आर्पी गेली. सेदाने एक स्टूल पुढे ओढलं. "बस."

"मी बरा आहे उभा." त्याला आपला आवाज शांत वाटला, आणि तो शांत का आहे हे त्याला कळेना. "शाहेन?"

सेदाने मान हलवली. "आज चाळिसावा दिवस."

बाहेर वारा सुटला आणि मागचं दार आपटलं. गार्निक स्टुलावर बसला.

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"सगळ्यांना."

"त्या लवाशवालीला?"

"तिलाच आधी कळलं. तिची बहीण आवलाबारलाच राहते ना. गार्निक, तुझ्या छातीत नळ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, धक्का नको. मी काय करायचं होतं? बाकी सगळं रीतीप्रमाणे झालं तिथे. झोपेत गेला. लामारा उठवायला गेली तर..." सेदाने झग्याची बाही डोळ्यांना लावली. "पण चाळिसावा मला गप्प बसून घालवता येईना. तुझा भाऊ होता. कुणीतरी तर जेवायला हवं होतं त्याच्या नावाने."

"म्हणून मला शेगडीपाशी उभं केलंत."

"तू शेगडीपाशी असलास की मागे वळून बघत नाहीस. पाद्री समोरच्या दाराने आले, धूप फिरवला, प्रार्थना म्हटली आणि गेले. तुझ्या धुरात तुला धुपाचा वास आला नाही." ती हुंदका देत हसली. "एवढी एकच युक्ती सुचली मला."

गार्निकला हसू आलं नाही आणि रडूही नाही. आला तो संताप, आणि तो कुणावर हे त्याला शोधावं लागलं. आईच्या जेवणाला मांस भाजलं म्हणून ज्या भावाशी बोलणं टाकलं, त्याच्या चाळिसाव्याला आपण सकाळपासून घाम गाळत मांस भाजतोय. शाहेनला हे सांगितलं असतं तर तो टेबलावर हात आपटून हसला असता. खोकला येईपर्यंत हसला असता. आणि सांगायला तो नाही. फोनमध्ये नंबर नाही, आणि नंबर असता तरी उचलायला कुणी नाही. आता कुणी आधी फोन करायचा हा प्रश्नच उरला नव्हता. आपण दोन आठवडे वाट बघायची ठरवली, तेव्हा तो आधीच मातीत होता. भिंतीशी हट्ट करत बसलो. त्याला फार वाईट वाटलं, इतकं की छातीवर हात ठेवून त्याने श्वास घेऊन पाहिला. हृदय चालू होतं. निर्लज्जासारखं चालू होतं.

"झालं ना आता," तो म्हणाला. "कळलं. चल, बाहेर लोक आहेत."

सेदा हलली नाही. तिने सुरी उचलली, परत ठेवली. "अजून एक आहे. ते कुणालाच माहीत नाही. आर्पीलाही नाही."

गार्निक थांबला. मघापासूनचे सगळे संशय खरे ठरले होते, आणि हा एक असा होता जो त्याला आलाच नव्हता.

"त्याने फोन केला होता. तू हॉस्पिटलात होतास तेव्हा. तुझ्याच फोनवर. माझ्या पर्समध्ये होता." सेदा भराभरा बोलायला लागली. "मी उचलला. म्हणाला, गार्निकला दे. मी म्हटलं, झोपलाय. तू झोपलेला नव्हतास. तू माझ्याकडेच बघत होतास, विचारलंस पण, कोण आहे म्हणून. मी म्हटलं, विमा कंपनी. मला वाटलं तुम्ही दोघं बोलायला लागलात की भांडणार, ते यंत्र वाजायला लागेल... मला वाटलं घरी आल्यावर देते जोडून, दोन-चार दिवसांनी. आणि मग दोन दिवसांनी लामाराचाच फोन आला. मी काय करू गार्निक? मी रोज मेणबत्ती लावते. ती त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी लावते."

गार्निकला आठवलं. विमा कंपनी. त्याने मान फिरवून झोपायचा प्रयत्न केला होता. भाऊ तिथे होता, हातभर अंतरावर, त्या पर्सच्या शेजारी, आणि त्याने मान फिरवली होती. त्याला सेदाला मारावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मग तिचे न रंगवलेले ओठ दिसले, आणि तेही सरलं.

"काय म्हणाला?" त्याने विचारलं.

"फार नाही. तब्येत विचारली."

"सेदा. काय म्हणाला?"

"म्हणाला, उठला की सांग, शाहेनचा फोन होता. आणि सांग, आधी मी केलाय. नीट सांग, नाहीतर तो नंतर म्हणेल की त्यानेच केला."

"आवाज कसा होता?"

"आवाज?"

"रागावलेला होता?"

"नाही रे," सेदा म्हणाली. "हसत होता."

गार्निक उठला. त्याने फडताळातून एक खोल थाळी काढली, पातेल्यातून एक तुकडा घेतला, वर त्यातलंच दोन पळ्या पाणी घातलं आणि तो थाळी दोन्ही हातांत धरून बाहेर आला. टेबलावर गलका चालला होता. मेलिक कुणाशी तरी द्राक्षवेलीवरून वाद घालत होता, वाहे शेगडीपाशी उरलेल्या सळया फिरवत होता, फारच सारख्या फिरवत होता. गार्निक टेबलाच्या टोकाला आला, झुराबच्या शेजारी, आणि थाळी सगळ्यांसमोर ठेवली. वाफ निघत होती. ती थाळी आधी झुराबला दिसली, मग मेलिकला, मग हळूहळू टेबलाच्या पार त्या टोकापर्यंत शांतता गेली. कुणाच्या तरी हातातला काटा ताटलीवर वाजला. गार्निकने उभ्या उभ्याच मांसाचा एक घास तोडला, खाल्ला, पावाचा तुकडा त्या पाण्यात बुडवून खाल्ला. मग त्याने राखेने भरलेला एप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि तो घराच्या भिंतीशी, दाराच्या उजव्या अंगाला, हात सोडून उभा राहिला. मेलेल्याच्या सगळ्यांत जवळचा माणूस जिथे उभा राहतो तिथे.

पहिला झुराब उठला. त्याचा चेहरा ओला होता. त्याने गार्निकचा हात दोन्ही हातांत घेतला. "देव त्याच्या आत्म्याला उजेड देवो," तो म्हणाला. "माफ कर गार्निक. तोंडाने खोटं बोललो, हाताला जमलं नाही."

"त्याने आधी फोन केला होता," गार्निक म्हणाला.

झुराबने त्याच्याकडे पाहिलं, काही न कळून, आणि मान हलवली. मागे रांग लागली होती. मेलिक आला, आइदा मावशी काठी टेकत आली, वाहे हात पुसत आला आणि सासऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून पोरासारखा रडायला लागला. प्रत्येक जण तेच म्हणत होता जे म्हणायचं असतं. आणि गार्निक प्रत्येकाचा हात घट्ट धरून, तो हात सोडायच्या आत, समोरच्याला नीट ऐकू जाईल अशा बेताने सांगत होता, "शाहेनने आधी फोन केला होता. मी नाही. त्यानेच केला."